सूत आणि सफेदा

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता. घाबरू नका, मेणाचा. मी कवळ्या बनवणाऱ्यांकडे कामाला आहे. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, आम्ही त्यावर मेणात एकेक दात बसवतो, आणि मग त्या कवळ्या लावून माणसं जगाला चावायला मोकळी होतात. कामाच्या वेळी मी फोन घेत नाही. पण आमचे वडील एकटे राहतात, आणि दादाचा फोन भलत्या वेळी वाजला की मन चिंती ते वैरी न चिंती. जबडा खाली ठेवला आणि फोन घेतला.

"बाबांच्या स्वयंपाकघरातून खाली पाणी गळतंय," दादा म्हणाला. कशी आहेस नाही, काही नाही. "खालच्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या छताला हा एवढा डाग पडलाय म्हणे."

"त्यांनी तुला फोन केला? मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. तू दुसऱ्या गावात राहतोस!"

"तुझ्याशी बोलायला त्यांना भीती वाटते."

मी काय त्यांना खाते की काय? पण ते बोलायची सोय नव्हती, कारण ते बोलताना माझा आवाज चढला असता आणि खालच्या बाईंचं खरं ठरलं असतं.

"उद्या रविवार आहे. मी येतो आणि बाबांना घेऊन जातो," दादा म्हणाला. "आपलं ठरलं होतं."

ठरलं होतं. मध्यंतरी बाबांनी दूध तापत ठेवलं आणि खुर्चीत त्यांचा डोळा लागला. दुधाचं पातेलं कोळसा झालं, घरभर धूर झाला, शेजाऱ्यांनी दार ठोठावून त्यांना उठवलं. तेव्हा दादा आला होता, बाबांच्या तोंडावर नको नको ते ओरडला होता, आणि मग म्हणाला होता, आता आणखी एक काही झालं की हे माझ्याकडे येणार. मी हो म्हटलं होतं. त्या धुराच्या वासात कुणीही हो म्हटलं असतं. बाबांना मात्र कुणीच विचारलं नव्हतं. ते आमच्या दोघांच्या मध्ये बसून करपलेलं पातेलं घासत होते.

दादाकडे बाबा यापूर्वी एकदा राहून आले आहेत. घर छान आहे, उंचावर आहे, वहिनी प्रेमळ आहे. पण दिवसभर सगळे बाहेर. बाबा कोचावर बसायचे, हातात टीव्हीचा रिमोट. परत आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. खायला कमी पडलं नव्हतं, करायला कमी पडलं होतं. पुन्हा गेले तर परत येणार नाहीत, हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि मला वाटतं, दादालाही माहीत होतं.

आणि हे सगळं कशामुळे? एका जोडामुळे!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो जोड मी करून घेतला होता. बाबांच्या सिंकखालची लोखंडी लाइन गंजून गेली होती. ती कधीतरी फुटेल आणि दादाला आयतं निमित्त मिळेल, म्हणून मी होऊन ती बदलून प्लास्टिकची करून घेतली. बाबा नको म्हणत होते. "प्लास्टिकची लाइन म्हणजे खेळणं," ते म्हणाले. बाबांनी जन्मभर एका कारखान्याच्या बॉयलरवर फिटरचं काम केलं. वाफेच्या लाइनी जोडल्या. माणसाच्या मांडीएवढे पाईप, सगळे लोखंडाचे. त्यांना प्लास्टिक पटणार कसं! मी त्यांचं ऐकलं नाही आणि उद्यारावाला बोलावलं.

त्याचं खरं नाव मला माहीत नाही. "उद्या येतो, ताई" याशिवाय त्याच्या तोंडून मी दुसरं वाक्य फारसं ऐकलं नाही, म्हणून तो उद्याराव. त्याने घाईघाईत लाइन टाकली, भिंतीचा पोपडा जमिनीवर तसाच सोडला आणि गेला. तो जिना उतरेपर्यंत जोडातून पाणी पाझरायला लागलं होतं. तेव्हापासून मी त्याला रोज फोन करत होते आणि तो रोज उद्या येत होता.

जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही, सरळ हार्डवेअरच्या दुकानावर गेले. दुकानासमोर रंगाचे रिकामे डबे पालथे घालून प्लंबर, सुतार, रंगारी कामाची वाट बघत बसलेले असतात. शटरला टेकून पाईपांच्या मोळ्या, आत रबराचा आणि पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा वास. उद्याराव एका डब्यावर बसून फोनवर कुणाला तरी "उद्या, नक्की उद्या" असं सांगत होता. मी समोर उभी राहिले तसा त्याने फोन ठेवला.

"ताई! तुमच्याकडेच निघालो होतो."

"बसून निघतोस का तू? खाली पाणी चाललंय. खालच्यांच्या छताला डाग पडलाय."

"असं कसं होईल? तो जोड जरासा पाझरत होता, ताई. गळत नव्हता. पाझरणं वेगळं आणि गळणं वेगळं."

"हे मला नको सांगूस. पाण्याला सांग."

रंगारी हसला. उद्यारावाला ते लागलं. तो उठून उभा राहिला. चांगला उंचापुरा आहे, नुसता उभा राहिला तरी काम झाल्यासारखं वाटतं.

"माझा जोड खाली डाग पाडण्याइतका सुटत नाही. कुणी हात लावला का त्याला?"

"कोण लावणार? तिथे एक म्हातारा माणूस राहतो! तो काय सिंकखाली शिरणार आहे? चोर तो चोर वर शिरजोर! तू लाज सोडलीस ती सोडलीस, वर माझ्या बापावर घालतोस?"

मी आणखीही बरंच बोलले. काय काय बोलले ते इथे सांगत नाही. कवळीवाल्या बाईच्या तोंडी एवढे दात असतील असं त्या रंगाऱ्याला वाटलं नसावं. शेवटी आतून दुकानदार म्हणाला, "जा रे बाबा, नाहीतर त्या दुकान गिळतील." उद्यारावाने कानाच्या पाळीला हात लावला आणि शपथेवर सांगितलं, "उद्या सकाळी. रविवार असला तरी."

"उद्या म्हणजे कोणता उद्या?"

"हाच, ताई. जो येतोय तो."

काम सुटल्यावर बाबांकडे गेले. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. सिंकखाली स्टीलची बादली, जोडाला दुखऱ्या ढोपराला गुंडाळतात तसं फडकं गुंडाळलेलं, त्यातून टपटप. कपाटाचा तळ फुगून वर आला होता. मी उद्यारावाच्या नावाने शंख करायला सुरुवात केली आणि बाबा साथ देतील म्हणून थांबले. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची संधी बाबा सोडत नाहीत. रस्त्यावरच्या हँडपंपालासुद्धा नावं ठेवतात. पण आज ते नुसतं "हं" म्हणाले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी खाली बसले, हात आत घातला आणि फडकं सोडलं. बोटाला धागे लागले. ओले, जाडसर, आट्यांमधून बाहेर आलेले. बोट बाहेर काढलं तर पांढरं चिकट काहीतरी लागलेलं. नाकाशी नेलं. अळशीच्या तेलाचा वास.

हा वास मी जगात कुठेही ओळखेन. सूत आणि सफेदा. पाईपाच्या आट्यांवर सूत गुंडाळायचं, त्यावर तेलात कालवलेला सफेदा फासायचा, आणि मग पाना लावून जीव खाऊन आवळायचं. बाबा कारखान्यातून घरी यायचे ते हाच वास घेऊन. लहानपणी आमच्या घरातला एकही नळ कधी ठिबकला नाही. ठिबकायची त्याची छातीच नव्हती.

पण ते लोखंड होतं. लोखंडाला जेवढं आवळाल तेवढं ते ऐकतं. प्लास्टिकचं तसं नाही. मी वाकून नीट पाहिलं. एल्बोला, म्हणजे पाईप जिथे काटकोनात वळतो त्या तुकड्याला, केसाएवढी चीर गेली होती. पाणी तिथून येत होतं. मागच्या गॅलरीत बाबांचा मोठा पाना भिंतीला टेकवलेला दिसला. त्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा पाईप चढवलेला होता. हाताचा जोर पुरा पडेना की फिटर लोक असं करतात. दांडा लांब झाला की जोर दुप्पट लागतो.

"बाबा, हे सूत कुणी गुंडाळलं?"

"कुणी म्हणजे? त्यानेच."

"त्याला सूत माहीतसुद्धा नसेल."

"मग मला कशाला विचारतेस?" असं म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

माझे वडील खोटं बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. कारखान्यात साहेबाच्या तोंडावर "चूक तुमची" म्हणून पगारवाढ घालवलेला माणूस, आणि तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. मला त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली. थोडं थांबता आलं नाही? नुसतं पाझरत होतं ना? वाटी ठेवली असती खाली! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच पीळ. आता तो पीळच यांना घराबाहेर काढणार होता.

पण मी ते बोलले नाही. त्यांची मान मागून इतकी बारीक दिसत होती की बोलवेना. मी गॅलरीतला पाना उचलला, पुसला आणि पलंगाखाली पार मागे सरकवून दिला. मग सूत काढून टाकावं म्हणून जोड सोडवायला गेले. दोन्ही हातांनी पिळलं, तोंडातून नको ते शब्द काढून पिळलं, पण जोड तसूभर हलला नाही. बाबांनी आवळलेलं ते बाबांनी आवळलेलं.

घरी जाताना मी ठरवून टाकलं. सूत निघू दे, सफेदा निघू दे, नाव उद्यारावाचं. तो तसाही शिव्या खायच्याच लायकीचा होता. वेळेवर आला असता तर हे रामायण घडलंच नसतं. त्यात आणखी चार शिव्या गेल्या तर काय बिघडलं? तो काही घर सोडून जाणार नव्हता.

रविवारी दादा सकाळीच आला. बरोबर चाकांची मोठी बॅग, रिकामी. ती त्याने बाहेरच्या खोलीत सोफ्याला टेकवून ठेवली आणि कुणीच तिच्याकडे बघितलं नाही. तो खाली जाऊन डाग बघून आला, खालच्या बाईंची माफी मागून आला. मग सिंकखाली डोकावला आणि कपाटाची फुगलेली फळी दाबून पाहिली. "बघ," एवढंच म्हणाला.

"प्लंबरने खराब काम केलं. येतोय तो. दुरुस्त करेल," मी म्हटलं. "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! काम त्याचं वाईट आणि तू बाबांना हलवणार?"

"प्लंबर काय, दूध काय. कारण कुठलंही असेल. इथे पाणी गळत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उद्या पाय घसरून पडतील तेव्हाही सांगणार नाहीत."

बाबा दारात स्टूल घेऊन बसले होते. आम्ही त्यांच्याविषयी त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो.

तेवढ्यात उद्याराव आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उद्या उजाडला, तोही नको त्या वेळी. चप्पल बाहेर काढून आत आला, बाबांना "काका, बरे आहात ना" म्हणाला, मेन कॉक बंद केला आणि सिंकखाली आडवा झाला. बराच वेळ नुसते कण्हल्याचे आवाज. मग कट्कन् काहीतरी तुटलं. तो सरपटत बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात अर्धा एल्बो होता, आणि त्यातून पांढरे चिकट धागे लोंबत होते.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "काम तुझं."

"ताई, मी जन्मात सूत हातात धरलेलं नाही. आमच्या वेळेला ते राहिलंच नव्हतं. मी टेप लावतो. पांढरी टेप. हे माझं काम नाही."

"म्हणजे कुणाचं? भुतांचं?"

"ते मला काय माहीत! पण माझं नाही."

आता दादा पुढे आला. दादाला एकदा चेव आला की तो मागचं पुढचं बघत नाही. हा आमचा घराण्याचा गुण. "काम वाईट करता ते करता, वर खोटं बोलता? दुसऱ्याच्या घरात पाणी सोडून पळता? तुम्हाला उभं करू नये कुणी दारात!" असं तो बोलत सुटला. मी गप्प होते. उद्यारावाचं तोंड लाल झालं. आदल्या दिवशी मी त्याला दुकानासमोर सोललं होतं तेव्हासुद्धा त्याचं तोंड असं झालं नव्हतं. तेव्हा त्याला माहीत होतं की बाई निम्मं खरं बोलतेय. आता त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्याला कळलंय. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि त्या तुकड्यावरचं सूत अंगठ्याने खरवडायला लागला.

"गप्प बसा सगळे," बाबा म्हणाले.

ते स्टूलवरून उठले होते.

"त्याचं काम नाही ते. माझं आहे. त्याने टेप लावली होती. सैल लावली होती, पण टेपच. ती मी काढली."

दादाचा आवाज फुटला. "तुम्ही? तुम्ही सिंकखाली शिरलात? या वयात? अक्कल आहे की नाही? तिथेच अडकला असतात तर?"

"अडकलो होतो. बाहेर यायला जरा वेळ लागला."

"ऐकलंस?" दादा माझ्याकडे वळला. "अडकले होते! आणि तुला माहीत होतं. तुझ्या तोंडावर दिसतंय, तुला माहीत होतं! जा, त्यांचे कपडे काढ कपाटातून."

मग मात्र माझा तोल गेला.

"नाही काढत! या माणसाचं काम गळलं," मी उद्यारावाकडे बोट दाखवलं, "तेव्हा त्याला कुणी म्हणालं का, ऊठ, घर सोड? मी गेल्या महिन्यात एका बाईला इतकी घट्ट कवळी करून दिली की तिच्या हिरडीतून रक्त आलं. मला कुणी माझ्या घरातून उचलून नेलं? तू स्वतः गाडी भिंतीला घासून आणलीस. तुझी बॅग कुणी भरली? चुका सगळे करतात. फक्त म्हाताऱ्या माणसाने केली की लगेच त्याला हलवायचं! का? त्यांना एक चूक करायचीसुद्धा परवानगी नाही का?"

मला वाटलं, बाबा माझ्या बाजूने बोलतील. ते माझ्यावरच उखडले.

"तू मध्ये पडू नकोस. माझी चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"काल तुम्हीच बांधलीत!"

"काल मी खोटं बोललो. त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन. तू कशाला बोललीस? मला वाचवायला? मी काय तान्हा आहे?" त्यांनी हाताने उद्यारावाकडे दाखवलं. "या पोराने शिव्या खाल्ल्या, आणि मी तिथे बसून ऐकल्या. एवढं खाली आणलंत तुम्ही मला."

बाबांनी हात पुढे केला आणि उद्यारावाने तुटका एल्बो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून चीर पाहिली.

"लोखंड असतं ना, तर आवळताना ते हाताला सांगतं, बास," ते त्याला म्हणाले. आम्ही दोघं तिथे नसल्यासारखे. "मनगटाला कळतं. माझ्या मनगटाला कायम कळायचं. या वेळी मी वाट बघत होतो कळायची. कळलंच नाही. म्हणून आवळत गेलो."

"पान्याला पाईप चढवला होता का, काका?"

"चढवला होता."

"मग कसं कळणार! आणि प्लास्टिक सांगत नाही, काका. ते गप्प राहतं आणि एकदम फुटतं. मी असे किती फोडलेत."

"तू सैल का ठेवलंस पण?"

उद्यारावाने डोकं खाजवलं. "खरं सांगू? घाईत होतो. दुसऱ्या कामावर बोंब चालली होती."

"म्हणजे तुझं सैल, माझं घट्ट," बाबा म्हणाले. "दोघंही गाढव."

उद्याराव हसला. बाबाही हसल्यासारखे झाले. मला दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटला.

मग त्याने पिशवीतून नवा एल्बो काढला, आत पितळी आटे असलेला. हाच आधी लावला असता तर! पण त्याच्या नावाने मी कालच रडून घेतलं होतं. बाबांनी स्टूल सिंकजवळ ओढलं. "टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळ. ताणून. नाहीतर आवळताना उलगडते." "माहितीय, काका." "माहितीय तर मग कर तसं." उद्यारावाने जोड आधी नुसत्या हाताने फिरवला, मग पान्याने थोडासा आणि थांबला. "एवढाच?" बाबांनी विचारलं. "एवढाच." मेन कॉक सोडला. बाबांनी वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा जोडाखाली धरला. आम्ही चौघं त्या कागदाच्या तुकड्याकडे बघत राहिलो. कागद कोरडाच राहिला.

उद्याराव जाताना मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "राहू द्या, ताई. काकांच्या जागी माझा बाप असता तर मीही तुमच्यावरच ढकललं असतं." एवढं बोलून तो जिन्यात फोनवर सुरू झाला, कुणाला तरी आजच येतो म्हणून सांगत होता. मी विश्वास ठेवला नाही.

मी आत आले तेव्हा दादा बाबांसमोर खुर्ची घेऊन बसला होता. त्याचा आवाज खाली आला होता.

"बाबा, चला ना. मला रात्री झोप लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं."

बाबांनी विचारलं, "तुझ्याकडे काही गळतं का रे?"

"काय?"

"नळ, टाकी, काही? नाहीतर दार घासतं, खिडकी लागत नाही? काहीही."

मी दादाकडे पाहिलं. दादा बाबांकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "सगळं नवीन आहे. काहीच बिघडलेलं नाही."

"मग मी तिथे येऊन काय करू?"

हे ते भांडायला म्हणाले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

दादाने जेवण होईपर्यंत वाट पाहिली, मग उठला. कपड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबांच्या पाया पडला. "सिंकखाली शिरू नका," म्हणाला. "बघू," बाबा म्हणाले. दादाने बॅग उचलली आणि आम्ही दोघं जिना उतरलो. मी मनात तलवारी परजत होते. जिंकले होते, पण मला अजून बोलायचं होतं. दूध, पातेलं, सगळं. खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत मी पहिलं वाक्य तयार केलं होतं.

"आमच्या बाथरूमचा नळ ठिबकतो," दादा म्हणाला.

मी थांबले.

"कधीपासून ठिबकतोय. बाल्कनीचं दार लागत नाही. तुझी वहिनी रोज ओरडते."

"मग सांगितलं का नाहीस? तेवढंच ऐकायचं होतं त्यांना! आत्ताच्या आत्ता हत्यारांची पेटी घेऊन आले असते तुझ्याबरोबर!"

"म्हणूनच नाही सांगितलं." तो माझ्याकडे न बघता पायरीकडे बघत होता. "ते आले असते. नळ उघडला असता, फोडला असता. आणि मी आलो असतो ऑफिसातून, आणि काय बोललो असतो तुला माहीत आहे. आज प्लंबरसमोर त्यांना अक्कल आहे का विचारलं मी." त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "तू सगळ्या जगावर ओरडतेस गं. मी फक्त त्यांच्यावरच ओरडतो."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याजवळ सकाळपासून साठवलेलं इतकं होतं. त्यातला एकही शब्द त्या वेळी कामाचा नव्हता. मी त्याच्या हातातून बॅग घेतली आणि कोपऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.